आधी तिला पाणी

माझ्या लग्नात माहेरून तांब्याचा बंब आला होता. त्याचा मला इतका अभिमान, की सोलापुरात बिऱ्हाड केल्यावर घरी आलेल्या बाईला मी आधी बंब दाखवत असे आणि मग चहा विचारत असे. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे हातभर ओटा, एवढाच आमचा संसार. पण बंब मात्र एखाद्या वकिलाच्या घरी शोभावा असा. मधोमध जाळाचं नळकांडं, त्याच्या भोवती पाणी, वर पाणी ओतायचं तोंड, खाली तोटी. चिंचेनं घासला की त्यात आपलं तोंड दिसे. माझं जरा आडवंच पसरलेलं दिसे, पण तो दोष बंबाच्या पोटाचा आहे अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

'हे' शाळेत मास्तर होते. यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, आमच्याकडेच राहत. मूळ घर मोहोळकडचं, शेतीवरचं. चौदा सालच्या मोठ्या लढाईत भावजी पलटणीत भरती होऊन बसऱ्याकडे गेले होते. परत आले ते धड होते, हातपाय शाबूत होते, पण पुन्हा औताला हात लावायला तयार होईनात. म्हणून यांनी त्यांना इकडे आणलं आणि एका मिलच्या फाटकावर पहारेकरी म्हणून चिकटवलं. फाटकावर ताठ उभं राहायचं आणि कुणाशी बोलायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना आधीपासूनच येत होत्या.

त्यांची एक सवय माझ्या लवकर लक्षात आली. दुपारी पाळी सुटून यायचे, सोलापूरचं ऊन डोक्यावर घेऊन. ओठ सुकलेले. मी पाटावर तांब्या भरून ठेवलेला असे. तो उचलायचे, पण तोंडाला लावायचे नाहीत. सरळ न्हाणीत जाऊन बंबात ओतायचे. मग दुसरा तांब्या. तोही बंबात. पाणी बंबाच्या तोंडाशी येऊन चमकलं, की मग येऊन घटाघटा प्यायचे. उन्हाळ्यात बंब पेटवायची गरज नसे, तरी हेच.

मी याचा जो अर्थ लावला तो माझ्या स्वभावाला धरूनच होता. शेजारी विणकराचं घर होतं, तेलुगू बोलणारं. तिथल्या बाईला मी सांगितलं, "आमचे भावजी तहानेनं जीव गेला तरी आधी वहिनीचं काम हलकं करतात." तिनं आपल्या नवऱ्याकडे बघितलं. तो बिचारा मागावर बसलेला होता, त्याने मान खाली घातली. असा मी त्या गल्लीत बराच काळ दिराचा दाखला देऊन पुष्कळ घरांतली शांतता बिघडवली.

मग एकदा मी न्हाणीच्या दारामागे धुणं पिळत होते. भावजी आले, पाणी ओतलं, आणि हळूच म्हणाले, "घे बाई. आदी तू घे."

माझ्या हातातलं धोतर तसंच राहिलं. म्हणजे बाई होती.

मला तर्क करण्याची हौस आहे, आणि घरात त्याचा धाक आहे. धाक म्हणजे लोक उठून जातात. त्यांच्यासाठी आलेली दोन चांगली स्थळं त्यांनी कारण न सांगता परतवली होती, ते मला आठवलं. सगळं जुळलं. बसऱ्याला काहीतरी झालं होतं. मी यांना सांगितलं, "भावजींनी तिकडं कुणीतरी ठेवलीय." हे वह्या तपासत होते. म्हणाले, "असेल. पण मग तिला आपल्या बंबात का शोधतात?"

 म्हणून मी पहिला तर्क सोडून दुसरा धरला. पाणी, आणि त्यात बाई. हे आमच्याकडच्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा, तो एकच सांगेल: आसरा लागली. विहिरीत, तळ्यात सात आसरा असतात. एखाद्याच्या मागे लागल्या की त्याला संसार गोड लागत नाही. परमुलखातल्या नदीवर वेळी-अवेळी पाण्याला गेले असतील, तिथलीच एखादी धरून बसली असेल. ती परदेशी आसरा आपला नैवेद्य खाईल का, अशी शंका मला आली होती, पण मी म्हटलं, भूक सगळीकडे सारखीच.

मी दहीभात केला. हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू घेतलं. तळ्यावर जायचं म्हणून भावजींना गोड बोलून बरोबर घेतलं. काठावर सगळं मांडून झाल्यावर सांगितलं, "भावजी, हात जोडा आणि तिला म्हणा, बांगड्या भर आणि मला सोड."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कुनाला?"

"जिला तुम्ही रोज आधी पाणी घालता, तिला."

त्यावर भावजी हसले. मी त्या घरात आल्यापासून त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. हसणं चांगलं नव्हतं. खोकल्यासारखं येत राहिलं आणि थांबेना. शेवटी त्यांनी त्या बांगड्या हातात घेतल्या, एकीतून तीन बोटं घालून बघितली आणि म्हणाले, "वैनी, तिला ह्या बसायच्या न्हाईत. तिचं मनगट लई जाड हाय."

मग तिथंच, काठावर बसून, त्यांनी मला 'ती' कोण ते सांगितलं.

"तुमचा बंब हाय का न्हाय? तो आडवा करा. मदी जाळाचं नळकांडं हाय, तितं बंदुकीची नळी. भवती पानी. खाली तीन पाय. झाली ती. मशीनगन म्हनत्यात. गोळ्या कापडी पट्ट्यात ववल्याल्या असत्यात, एका अंगानं पट्टा आत जातो, दुसऱ्या अंगानं रिकामा भाईर पडतो. एकानं पट्टा धरायचा, एकानं घोडा दाबायचा. आन् एकानं पानी बघायचं. माझ्याकडं पानी व्हतं."

"पाणी कशाला?"

"तापती की. लई तापती. आतली नळी लाल हुती. मग पानी उकळतं, वाफ निघती. पानी सरलं की ती बसली. आन् ती बसली की आपुन सगळी बसली. म्हनून माझ्या हवालदारानं पैल्या दिवशी शिकवलं. खेचराला पानी, मानसाला पानी, सगळं मागनं. आदी तिला."

दहीभात तसाच होता. कावळे जमले होते.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. यांनी लगेच शाळेतून एक जाड पुस्तक आणलं. मास्तर माणसाला दुःख दिसलं की तो पुस्तक आणतो. जेवताना यांनी आम्हाला माहिती दिली. ही बंदूक एका अमेरिकेतल्या माणसाने विलायतेत बसून काढली. आधीच्या बंदुकीत दर गोळीला माणसाला काहीतरी करावं लागे. याने असं केलं की एका गोळीचा धक्काच पुढची गोळी भरतो, आणि माणसाला फक्त बोट दाबून ठेवावं लागतं. मग गोऱ्यांनी ती आफ्रिकेत नेली, भाले घेऊन आलेल्या लोकांपुढे मांडली, आणि मूठभर शिपायांनी फौजा झोपवल्या. तेव्हा विलायतेत टाळ्या झाल्या. पुढे मोठ्या लढाईत दोन्हीकडे गोरेच आणि दोन्हीकडे हीच बंदूक, म्हणून कुणालाच डोकं वर काढता येईना आणि लाखो पोरं खंदकात कुजली.

"आणि ज्यानं काढली तो म्हणे तिच्या आवाजानं शेवटी ठार बहिरा झाला," हे म्हणाले.

भावजी भाकरी मोडत होते. म्हणाले, "त्याचं बरं झालं. आमाला ऐकू येतंय."

यांनी पुस्तक मिटलं. पण भावजींचं तोंड आता उघडलं होतं. एखादा दरवाजा वर्षानुवर्षं अडकलेला असावा आणि एकदा हलला की वाऱ्यानेही हलावा, तसं ते पुढे कधीमधी बोलत. एकदा म्हणाले, तिकडचा मुलूख आपल्यासारखाच, सपाट, झाड नाही, आणि दुपारी मृगजळ. समोरून माणसं येत ती पाय नसल्यासारखी, कंबरेपासून वरची, पाण्यावर तरंगत. "त्यास्नी वाटत आसंल आमी बी तसंच दिसतोय. मग ती सुरू व्हायची. वरची मानसं खाली जायची. पान्यात बुडल्यावानी. पानी न्हवतंच तितं."

आणि एकदा, ज्वारीच्या काढणीवरून बोलणं निघालं तेव्हा म्हणाले, "ज्वारी काढताना एक एक ताट हातात येतं, वैनी. हात कापतो, पान लागतं. तितं काय बी हातात येत न्हाय. मी किती मारलं मला सांगता येत न्हाय. एकाचं बी तोंड बघितलं न्हाय. मारलं म्हनायचं का न्हाय, ते बी कळत न्हाय. मी आपला पानी वतत व्हतो."

शेजारच्या मागाची खटखट दिवसभर चाले. मला वाटे त्या आवाजाचा त्यांना त्रास होत असेल. तसं नव्हतं. माग चालू असला की ते निवांत असत, एखादी डुलकीही काढत. माग थांबला की ताडकन उठून दारात जाऊन उभे राहत. मी कारण विचारलं. म्हणाले, "ती वाजती तवर कोन येत न्हाय. ती थांबली की येत्यात."

आता मंद्रूपच्या मावशीबद्दल सांगायला हवं.

भावजींबरोबर मंद्रूपचा एक मुलगा भरती झाला होता. एकाच दिवशी दोघांची छाती मोजली, एकाच आगबोटीत दोघांना ओकाऱ्या झाल्या, आणि एकाच बंदुकीवर दोघं पडले. तो पट्टा धरायचा, भावजी पाणी बघायचे. तो परत आला नाही. त्याची आई विधवा, एकुलता एकच मुलगा. लढाई संपून भावजी आले, तसे घरी जायच्या आधी मंद्रूपला गेले. तिने रडून झाल्यावर एकच प्रश्न विचारला. कुठं लागलं, कसा गेला, काही नाही. विचारलं, "शेवटी तोंडात पानी कुनी घातलं?"

आपल्यात हे किती मोठं आहे ते मी कुणाला सांगायला नको. माणूस जाताना त्याच्या तोंडात दोन थेंब पाणी पडलं पाहिजे, आणि ते आपल्या माणसाच्या हातून पडलं पाहिजे. ज्याने ते घातलं तो त्या घरचा झाला, मग तो कुणीही असो.

भावजी म्हणाले होते, "मीच घातलं, मावशे."

तेव्हापासून मावशी त्यांची आई झाली. बाजाराच्या निमित्ताने मंद्रूपहून कुणाच्या तरी गाडीतून यायची. फडक्यात ज्वारी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा, शेंगा, कधी स्वतः केलेल्या कडक भाकरी. ओट्यावर बसून म्हणायची, "तुज्या हातनं गेला माजा बाबा. थंड होऊन गेला." भावजी मान हलवत. ती गेली की ती भाकरी तशीच फडक्यात राहायची. मला वाटे त्यांना कडक भाकरी आवडत नाही. मीच खाऊन टाकत असे. अंगाला चांगली लागली, हे बंबात दिसतच होतं.

तळ्याकाठी बसले होते त्याच दिवशी भावजींनी मला उरलेलंही सांगितलं होतं. पाणी आणणारं खेचर मेलं होतं. सकाळपासून ती चालू होती. डब्यात शेवटचं पाणी. जोडीदाराच्या पोटात गोळी लागली आणि तो तिथंच, तिच्या पायांशी पडला. पट्टा दुसऱ्याने धरला. जोडीदार पाणी मागत होता. हवालदाराने डब्याकडे बघितलं आणि भावजींकडे बघितलं. भावजींनी डबा उचलला आणि तिच्यात रिता केला.

"तिची वाफ एका नळीतनं डब्यात पडती, वैनी. तिचं परत पानी हुतं. घोटभर. ते बी मी तिलाच घातलं. मग ते बी सरलं तवा आमी सगळ्यांनी आपल्या अंगातलं..." पुढचं ते बोलले ते मी लिहीत नाही. तेही तिलाच. "तिनं आमाला वाचवलं. खोटं कशाला बोलू. म्या त्याला दोन थेंब दिलं असतं तर काय झालं असतं? काय न्हाय. ती बसली नसती दोन थेंबांनी. पन तवा हात वळला न्हाय."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ही राहिली. मावशी आली की मी बोलण्याच्या धाकाने सारखी चहाच करत बसे. ती म्हणायची, "मास्तरीण लई चा पाजती." तिला कुणी तरी सांगेल, भावजी स्वतःच एखाद्या दिवशी बोलून जातील, आणि त्या म्हातारीच्या जगण्याखालचा खांब निघेल, ही भीती मला होती, भावजींना होती. यांनाही होती, पण हे मास्तर असल्यामुळे ती पुस्तकात घालून ठेवत.

अशी वर्षं गेली. मग तीस सालचा तो उन्हाळा आला ज्याची सोलापूरच्या माणसाला ओळख सांगावी लागत नाही. गावात गोळीबार झाला, माणसं मेली, आणि मार्शल लॉ लागला. मिलचे भोंगे बंद. शाळा बंद. पांढरी टोपी घालून बाहेर पडायची सोय नाही. यांनी आपली टोपी ज्वारीच्या कणगीत लपवली आणि पुढे ती कुठं ठेवली हेच विसरले. पावसाळ्यात ती दाण्यांतून वर आली तेव्हा उंदरांनी तिचा बराचसा देशभक्तीचा भाग खाल्ला होता.

मावशी नेमकी मार्शल लॉच्या आदल्या दिवशी बाजाराला आली होती. ती आमच्याकडेच अडकली. गाड्या बंद, रस्ते बंद. नळाला पाणी सकाळी जरासं येई तेवढंच. मी मिळेल तेवढं पाणी बंबात भरून ठेवत असे, कारण बंबाएवढं मोठं भांडं घरात दुसरं नव्हतं. शेजारचा माग थांबला होता. पूर्ण गल्ली अशी गप्प, की भावजी दिवसभर दारातच उभे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चौक होता. तिथं वाळूची पोती रचली गेली. भावजी एकदाच ओट्यावरून तिकडे बघून आले आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले. मी विचारलं, "काय आहे?" म्हणाले, "आली."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, दुपारी, एक शिपाई बादली घेऊन आमच्या ओट्याशी आला. देशीच होता, कुठल्या मुलखातला कोण जाणे, मिसरूड फुटलेला कोवळा पोरगा. उन्हाने तोंड काळंठिक्कर. मावशी उंबऱ्याशी बसून सुपात ज्वारी निवडत होती. मी तिच्यामागे. शिपाई अदबीने म्हणाला, "माई, एक बालटी पानी मिलेगा?"

मी उठणार, तोच भावजी बाहेर आले. "पीने का, के गन का?"

पोरगा चपापला. "गन का. धूप में कम हो जाता है. पीने का हमारे पास है."

"गन को नहीं मिलेगा."

"हुकुम है, भाई."

आतून हे बाहेर आले. "अरे, दे की एक बादली. एका बादलीसाठी जीव घालवतोस काय?"

भावजींनी यांच्याकडे बघितलं नाही. त्या पोराकडे बघूनच बोलले, पण आता मराठीत. त्या पोराला त्यातलं अक्षर कळण्यासारखं नव्हतं. "एका बादलीसाठीच गेलाय, दादा. मला बी हुकूमच व्हता. हुकमानं मी सगळं पानी तिला पाजलं आन् माजा जोडीदार तिच्या पायाशी कोरडा गेला. पानी पानी करत गेला. आता तिला माझ्या हातनं एक थेंब न्हाय."

सूप हलायचं थांबलं.

मग त्यांनी बंबातून तांब्या भरून आणला आणि त्या पोराला म्हणाले, "तू पी." पोरगा गोंधळला होता. त्याने इकडे तिकडे बघितलं, ओंजळ पुढे केली, आणि प्यायला लागला. भावजी ओतत राहिले. तांब्या संपला. दुसरा आणला. पोराची कॉलर, छाती भिजली. त्याने तोंड पुसलं, सलाम केल्यासारखा हात वर नेला, आणि रिकामी बादली घेऊन पुढच्या घराशी गेला. तिथं त्याला बादली भरून मिळाली. तिला पाणी कुठून तरी मिळतंच.

भावजी वळले तेव्हा मावशी त्यांच्याकडे बघत होती. हातात ज्वारीतला एक खडा होता, तो तिने टाकला नव्हता.

"मग त्येच्या तोंडात पानी कुनी घातलं?"

मी म्हटलं, "मावशी, चहा टाकते." माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

"कुनी न्हाय," भावजी म्हणाले.

"तू म्हनला व्हतास, मी घातलं."

"म्हनलो व्हतो."

"त्या पान्यावर जगले की रं मी. इतकी वरसं."

भावजी तांब्या धरून उभे होते. त्यातून एक थेंब ओट्यावर पडला आणि उन्हाने लगेच वाळला.

"मागत व्हता?"

"व्हय."

"आजून काय म्हनत व्हता?"

भावजींनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "आदी तिला घाल, म्हनला."

मावशीने खडा बाहेर टाकला. "हे खरं, का मागल्यागत?"

"मावशे, मला आता ठावं न्हाय. त्येच्या वतीनं मी मनात इतक्या येळा म्हनलंय, की त्यो म्हनला का मी, ते सांगता येत न्हाय."

मावशीने सूप पुन्हा हातात घेतलं आणि ज्वारी निवडली. सगळी निवडली, अगदी तळापर्यंत.

पुढचे दिवस ती आमच्याकडेच होती, जाणार कुठं? माझ्याशी बोलायची. मीठ जास्त झालं तर सांगायची, आणि ते रोज झालं. यांच्याशी बोलायची. भावजींशी नाही. ते जेवायला बसले की ती उठून मागे जाऊन बसायची. मी या दोघांत काहीतरी करावं म्हणून धडपडत होते. एकदा तिला म्हटलं, "त्यांचा काय इलाज होता, मावशी? पलटणीचा हुकूम." ती म्हणाली, "त्येचा न्हवता. माजा बी न्हाय." मी पुन्हा प्रयत्न केला नाही. माझ्या तर्कांनी आजवर कुणाचं भलं झालं होतं?

भावजी त्या दिवसांत फाटकावर जात नव्हते, कुठंच जात नव्हते. तरी दुपारी ठरल्या वेळी उठायचे, तांब्या भरायचे, बंबात ओतायचे, आणि मग प्यायचे. मावशी ते बघायची. आता तिला त्याचा अर्थ कळत होता.

गाड्या सुरू झाल्या तसा मंद्रूपचा एक ओळखीचा गाडीवान दारात आला. मावशीने फडकं बांधलं. मी शिदोरी दिली. यांना आणि मला बोलून झालं. गाडीकडे दोन पावलं गेली आणि थांबली. मागे वळून न बघताच म्हणाली, "तांब्या आन."

मी निघाले, तर म्हणाली, "तू न्हवं. त्यो."

भावजींनी तांब्या आणला. मावशी रस्त्यातच उकिडवी बसली, आणि ओंजळ केली. ते ओतू लागले. पाणी ओंजळीत कमी आणि धुळीत जास्त पडत होतं. ती प्यायली, पुन्हा ओंजळ पुढे केली, पुन्हा प्यायली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "माज्या येळंला तरी येशील नव्हं?"

भावजींनी मान हलवली.

"तोंडानं बोल. मान हलवून खोटं बोलता येतं."

"यीन, मावशे."

ती गाडीत बसली. पुढे बाजाराला ती आमच्याकडे आली नाही. ज्वारी नाही, हुरडा नाही, कडक भाकरी नाही. मी तिच्या भाकरीची आठवण काढली की भावजी उठून जात. चौकातली पोती कधीच गेली होती. ती बंदूक आमच्या चौकात शेवटपर्यंत एकदाही वाजली नाही. नुसती होती, पाणी भरून.

परवाच्या थंडीत मंद्रूपहून निरोप आला की म्हातारी आटपत आलीय, बघायची असेल तर या. भावजी फाटकावरून तसेच, पहाऱ्याच्या कपड्यांत निघाले. मोटार मिळेल का, गाडी मिळेल का, काही विचारलं नाही. आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. हे पेपर वाचत होते. पुन्हा लढाई लागणार असं त्यात होतं, आणि आता बंदुका पूर्वीपेक्षा हलक्या झाल्यात, एक माणूस खांद्यावर नेतो, पाणीही लागत नाही, असंही होतं. हे मला वाचून दाखवणार होते. मी म्हटलं, नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी परत आले. मुंडण केलेलं. मुलाने करायचं असतं, तसं.

"पोचलात का वेळेवर?" मी विचारलं.

"पोचलो. वळखलं तिनं. पानी घातलं म्या." मग म्हणाले, "तिचं पानी सरलं का बघ, म्हनाली."

"म्हणजे काय?"

"काय की. मलाच म्हनली आसंल, न्हाय तर त्येला."

ओठ सुकलेले होते. मी पाटावर तांब्या ठेवला होता. त्यांनी उचलला. मला वाटलं, आज तरी. ते न्हाणीत गेले. बंब मी सकाळीच काठोकाठ भरून ठेवला होता, तरी त्यांनी तांब्या ओतला. पाणी तोंडावरून वर आलं, बंबाच्या पोटावरून ओघळलं, न्हाणीच्या फरशीवरून माझ्या पायांपर्यंत आलं. त्यांनी दुसरा तांब्या भरला.

मी बाजूला झाले नाही.